आज्ञावलीचा अन्वय

संस्कृताच्या तासाला बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास 'अन्वय' हा शब्द परिचित असतो. श्लोकांतील पदें छंदाच्या सोयीनें मांडलेलीं असतात. कर्ता एका चरणांत, क्रियापद दुसऱ्या चरणांत, विशेषण एकीकडे आणि विशेष्य भलतीकडेच, असा प्रकार नेहमींचाच. श्लोक कितीही वेळां घोकला तरी तेवढ्यानें तो कळत नाहीं. प्रथम संधी सोडवावयाचे, मग पदें बोलण्याच्या क्रमानें लावावयाचीं, मग अर्थ सांगावयाचा, आणि सरतेशेवटीं कवीला म्हणावयाचें काय तें आपल्या शब्दांत मांडावयाचें, ही आपल्याकडील शाळांची जुनी पद्धत आहे. तिचा उपयोग संस्कृताच्या तासाबाहेर, आणि तोही संगणकाच्या खोलींत, होऊं शकेल असें सहसा कोणास वाटत नाहीं. आम्हांस तो झाला; कसा झाला हें येथें थोडें विस्तारानें सांगावयाचें आहे.

आमचा वर्ग बुलढाणा जिल्ह्यांतील एका शाळेंत शनिवारीं सकाळीं भरतो. आठवीपासून दहावीपर्यंतचीं मुलें त्यांत येतात. कांहीं गांवांतलींच असतात. पुष्कळशीं चिखली व मेहकर ह्या रस्त्यांवरील खेड्यांतून एस. टी. नें येतात. घरीं शेती, आणि शेतींत कापूस, सोयाबीन, तूर. संगणकानें करावयाचीं कामें त्याला क्रमवार लिहून देणें, म्हणजे आज्ञावली लिहिणें, हा तेथला विषय. ज्या पालकांचा ह्या विद्येशीं संबंध आलेला नाहीं त्यांच्यासाठीं एवढेंच सांगतों कीं, संगणक हा अत्यंत आज्ञाधारक, परंतु अत्यंत अजाण असा नोकर आहे. सांगितलेलें तो अक्षरशः करतो; मनांतलें मुळींच ओळखीत नाहीं. 'पाणी ठेव' एवढे दोन शब्द उच्चारले तरी कोणतें पाणी, कशांत आणि कशासाठीं हें घरांतलें माणूस जाणतें. ह्या नोकराला तें सारें सांगावें लागतें, आणि सांगतांना एक जरी गोष्ट राहिली तरी ती राहिली आहे असें तो बहुधा बोलून दाखवीत नाहीं.

पालकसभेंत दरवर्षीं एक प्रश्न हमखास येतो. "आमच्या मुलाचें इंग्रजी कच्चें आहे, त्याला हें जमेल काय?" प्रश्नांत काळजी असते, आणि कधीं कधीं निर्णयही आधींच झालेला असतो, कीं मुलगी मराठी शाळेंतली, तेव्हां हा मार्ग तिचा नव्हे. ह्या निर्णयापायीं चांगल्या बुद्धीचीं मुलें वर्गांतून उठून गेलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. म्हणून उत्तर नीट दिलें पाहिजे. आम्ही शिकवितों त्या भाषेचें नांव पायथन. गिडो व्हान रॉसम ह्या डच गृहस्थानें ती रचिली व १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यांत राखून ठेविलेले असे शब्द अवघे ३५, आणि त्यांतील दहाबारा आले कीं नवशिक्याचें एक वर्ष निभावतें. खताच्या पोत्यावर याहून अधिक इंग्रजी छापलेलें असतें.

शिवाय आमच्या वर्गांत इंग्रजी माध्यमांतील मुलेंही येतात. 'इफ' म्हणजे जर आणि 'व्हाइल' म्हणजे जोंवर, हें त्यांस सांगावें लागत नाहीं. परंतु ठेंच जेथें मराठी शाळेंतील मुलांस लागते तेथेंच त्यांसही लागते. ह्याची साक्ष ह्या विद्येच्या इतिहासांतही सांपडते. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ग्रेस हॉपर ह्या विदुषीनें, संगणकाला द्यावयाच्या आज्ञा साध्या इंग्रजी शब्दांत लिहितां आल्या पाहिजेत, असा आग्रह धरिला. आणि १९५९ सालीं आरंभिलेली कोबोल ही भाषा त्याच विचारांतून निघाली. तींत 'अमुक संख्या तमुक संख्येंत मिळवा' अशा थाटाचीं वाक्यें असतात. बँकांच्या हिशेबांत ती कित्येक दशकें चालली. पण तेवढ्यानें ज्यांची मातृभाषा इंग्रजी तीं सारीं माणसें आज्ञावल्या लिहूं लागलीं असें कांहीं घडलें नाहीं. शब्द ओळखीचा असणें निराळें आणि त्याचें त्या ठिकाणचें काम कळणें निराळें. अडतें तें दुसऱ्यापाशीं, आणि तें समजावयाचें तर मनुष्य ज्या भाषेंत भांडतो, भाव करतो व हिशेब घालतो त्या भाषेंतच समजावें लागतें.

आतां उदाहरण घेऊं. खामगांवचा कापसाचा बाजार आमच्या जिल्ह्यांत कोणास सांगावयास नको; ह्या कापसासाठींच १८७० सालीं जलंबपासून खामगांवापर्यंत आगगाडीचा फांटा घातला गेला. तेव्हां आमचा पहिला पाठ कापसाचाच असतो. एका शेतकऱ्याचीं तीन गाठोडीं कांट्यावर आलीं. वजनें अनुक्रमें ३८, ४१ व ३७ किलो. एकूण किती? आज्ञावली अशी:

वजनें = [३८, ४१, ३७]
बेरीज = ०
फॉर वजन इन वजनें:
        बेरीज = बेरीज + वजन
प्रिंट(बेरीज)

येथें 'फॉर', 'इन' आणि 'प्रिंट' हे तीन शब्द मूळचे इंग्रजी. छपाईच्या सोयीसाठीं ते नागरींत दिले आहेत. आज्ञावलीच्या आंत लिहिलेले अंकही प्रत्यक्षांत इंग्रजी वळणाचेच लागतात. परंतु 'बेरीज', 'वजन', 'वजनें' हीं नांवें मात्र अशींच, मराठी अक्षरांत, यंत्राला चालतात. पायथनच्या २००८ सालीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही मोकळीक आहे. इतकेंच नव्हे, तर वापरणारानें बाहेरून '३८' असें देवनागरींत टंकून दिलें आणि त्याची संख्या करण्यास यंत्राला सांगितलें, तर तें तीही बिनतक्रार करतें. हें पडद्यावर प्रथम पाहतांना मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो पाहण्यासारखा असतो. अक्षरांची ही ओळख लहान गोष्ट नव्हे. अर्थात् अनुस्वाराच्या बाबतींत यंत्र आमच्या जुन्या पंतोजींहून कडक आहे. वर 'वजनें' आणि खालीं 'वजने' असें लिहिलें तर हीं दोन निराळीं नांवें समजून, दुसरें आपल्या ओळखीचें नाहीं, अशी तक्रार तें तात्काळ नोंदवितें.

ही आज्ञावली वाचावयास सांगितली कीं मुलें ती श्लोकासारखी म्हणून दाखवितात. "बेरीज बरोबर बेरीज अधिक वजन." उच्चार शुद्ध असतो, आणि अर्थाचा पत्ता नसतो. एके शनिवारीं नववींतील एक मुलगी ह्याच ओळीवर उठून उभी राहिली आणि म्हणाली, "हें खोटें आहे. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी, ती काढून टाकली तर वजन शून्य उरतें. कापूस तर कांट्यावर दिसतो आहे!" वर्ग हंसला. हंसण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें. बीजगणिताच्या तासाला ह्याच उत्तराबद्दल तिला शाबासकी मिळाली असती, आणि आमच्या मतें येथेंही तीच मिळाली पाहिजे. कारण न समजलेली ओळ मुकाट्यानें उतरून घेणाऱ्या तीस मुलांपेक्षां, ती खोटी आहे असें म्हणणारी एक मुलगी अर्थाच्या अधिक जवळ असते.

दोष त्या चिन्हाचा आहे. रॉबर्ट रेकॉर्ड ह्या वेल्समधील वैद्यानें १५५७ सालीं आपल्या बीजगणिताच्या पुस्तकांत समानतेचें हें चिन्ह प्रथम योजिलें. दोन समांतर रेषा त्यानें अशासाठीं घेतल्या कीं, त्यांहून अधिक सारख्या दोन वस्तू त्याला आढळल्या नाहींत. चारशें वर्षें तें चिन्ह 'सारखें आहे' एवढेंच सांगत होतें. पुढें आज्ञावल्यांच्या भाषा निघाल्या तेव्हां पुष्कळ भाषांनीं तेंच चिन्ह उचललें आणि त्याजकडून 'सारखें कर' हें काम घेतलें. 'आहे' आणि 'कर' ह्यांत केवढें अंतर! एक वर्णन, दुसरी आज्ञा. अल्गोलच्या व पुढें पास्कलच्या कर्त्यांनीं घोटाळा होऊं नये म्हणून त्या चिन्हाआधीं विसर्गासारखीं दोन टिंबें घातलीं. १९६४ सालीं अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत केमेनी व कर्ट्झ ह्या दोन अध्यापकांनीं नवशिक्यांसाठींच बेसिक ही भाषा रचिली. तींत अशा ओळीच्या आरंभीं 'असें असो' ह्या अर्थाचा 'लेट' हा शब्द लिहीत. पायथननें ह्यांपैकीं कांहींच ठेविलें नाहीं. तेव्हां तें काम शिकविणारानें केलें पाहिजे.

पुष्कळ पुस्तकांत 'बेरीज' हें नांव म्हणजे एक डबा आहे असें सांगितलेलें असतें. आम्हांस ही उपमा पसंत नाहीं. डब्यांत ३८ लाडू असतां आणखी ४१ टाकले तर पहिले कोठें जात नाहींत. घरांतल्या डब्याचा अनुभव असलेलें मूल अशीच अपेक्षा करतें, आणि जुनी संख्या नाहींशी झालेली पाहून गोंधळतें. त्यापेक्षां पाटी बरी. बाजारांत मापारी वजन पुकारतो आणि लिहिणारा तें टिपून घेतो. कल्पना करूं कीं ह्या लिहिणाऱ्यापाशीं एकच लहान पाटी आहे, आणि तीवर एका वेळीं एकच आंकडा मावतो. आतां त्या ओळीचा अन्वय असा लागतो: 'पाटीवर बेरजेचा जो आंकडा आहे तो वाच; त्यांत आतां पुकारलेलें वजन मिळव; जुना आंकडा पूस आणि आलेला नवा त्याच जागीं लिही.' ओळ उजवीकडून डावीकडे लागते हें येथें ध्यानांत येतें. श्लोकांतही कर्ता शेवटीं आला म्हणून कोणी घाबरत नाहीं, तसेंच हें.

मग एका मुलाला मापारी करावयाचें, दुसऱ्याला लिहिणारा, आणि खरोखरीची पाटी आणावयाची. आरंभीं पाटीवर ०. मापारी 'अडतीस' म्हणतो, पाटीवर ३८. 'एक्केचाळीस', पाटीवर ७९. 'सदतीस', पाटीवर ११६. गाठोडीं संपलीं. मग, आणि मगच, लिहिणारा मोठ्यानें '११६' म्हणतो. ह्याला फारतर पांच मिनिटें लागतात. त्यानंतर त्या मुलीनें ओळीबद्दल पुन्हा तक्रार केली नाहीं; चिन्हाबद्दल मात्र केली, आणि ती रास्तच होती.

खेळ झाल्यावर प्रत्येकानें अन्वय स्वतः लिहावयाचा असतो. वहीच्या डाव्या पानावर आज्ञावली, उजव्या पानावर मराठी. चिखलीकडील एका मुलानें लिहिलेलें वाक्य आम्हीं जपून ठेविलें आहे: "पयले पाटी कोरी कर, मंग येक येक गठोडं आलं का त्यात मियव, सबन झालं का मंग सांग." भाषेच्या तासाला ह्या वाक्याखालीं तांबड्या शाईच्या चार रेघा पडल्या असत्या. परंतु आज्ञावलीचा ह्याहून नेमका अन्वय पदवीधरालाही लिहितां येणार नाहीं. पांच ओळींचें सर्व मर्म त्यांत आहे. कोणतें काम एकदांच आधीं करावयाचें, कोणतें पुन्हा पुन्हा, आणि कोणतें एकदांच शेवटीं, हें त्यानें 'पयले', 'आलं का' आणि 'सबन झालं का' अशा वऱ्हाडी शब्दांनीं बिनचूक पकडलें. 'ळ'च्या जागीं 'य' आला म्हणून हिशेब एका किलोनेंही चुकत नाहीं.

हीच तीन स्थळें आज्ञावलींत सर्वांत नाजुक असतात, आणि तेथें यंत्र आपल्याला शब्दांची मदत देत नाहीं. पायथनमध्यें ओळ आंत सरकवून लिहिली कीं ती फेरींतील झाली, कडेला लिहिली कीं फेरीबाहेरची. केवळ मोकळ्या जागेवर अर्थ अवलंबून! शेवटची 'प्रिंट' ही ओळ चुकून आंत सरकली तर यंत्र ३८, ७९, ११६ अशीं तीन उत्तरें देतें. म्हणजे लिहिणारा प्रत्येक गाठोड्यामागें ओरडूं लागला. ह्यांत नुकसान नाहीं, कलकलाट मात्र होतो. परंतु 'बेरीज = ०' ही ओळ आंत गेली तर उत्तर येतें ३७. यंत्र तक्रार करीत नाहीं, तांबडें अक्षर दाखवीत नाहीं. शांतपणें ३७ छापून मोकळें होतें. एका मुलाच्या पडद्यावर असेंच ३७ आलें आणि तो अर्धा तास चिन्हें तपाशीत बसला. शेजारच्या मुलीनें त्याला ओळी मराठींत म्हणावयास सांगितल्या. "प्रत्येक गाठोड्याच्या वेळीं पाटी कोरी कर," असें म्हणतां म्हणतांच तो थांबला. कानाला जें खटकलें तें डोळ्याला दिसलें नव्हतें. तीन गाठोडीं घातलीं आणि पैसे एकाचे मिळाले, हें कापूस पिकविणाऱ्याच्या मुलाला वेगळें समजावून सांगावें लागत नाहीं.

सर्वच स्पष्टीकरणें असें काम करतात असें मात्र नव्हे. 'येथें बेरजेला शून्य दिलें आहे. येथें फॉर वापरला आहे. येथें प्रिंट केलें आहे.' असलीं स्पष्टीकरणें आम्हांस ढिगानें पाहावयास मिळतात. 'रामः म्हणजे राम, वनं म्हणजे वन' असें सांगणाऱ्या बाजारी गाईडांचीं हीं भावंडें. त्यांत असत्य कांहीं नसतें. उपयोगाचेंही कांहीं नसतें. डोनाल्ड कनूथ ह्या अमेरिकन गणितज्ञानें १९८४ सालीं असा विचार मांडिला कीं, आज्ञावली लिहितांना यंत्राला काय करावयाचें तें सांगण्यापेक्षां, यंत्रानें काय करावें अशी आपली इच्छा आहे तें दुसऱ्या माणसाला समजावून सांगणें हें मुख्य काम मानावें. इच्छा हा शब्द महत्त्वाचा आहे. ओळींत कृती दिसते. इच्छा दिसत नाहीं. ती ज्यानें लिहिली नाहीं त्यानें भावार्थ सोडून केवळ शब्दार्थ दिला.

२०२२ सालच्या अखेरीपासून ह्या बाबतींत एक नवाच प्रकार सुरू झाला आहे. प्रश्नांस उत्तरें देणारीं यंत्रें घरोघर मोबाइलवर आलीं. त्यांजपुढें आज्ञावली ठेवून 'मराठींत समजावून सांग' म्हटलें कीं क्षणार्धांत सुबक परिच्छेद हजर होतो, आणि तो पुष्कळदां बरोबरही असतो. आम्ही त्यांस मनाई केलेली नाहीं. ज्या खेड्यांत संध्याकाळीं विचारावयास कोणी नाहीं तेथील मुलाला असा सोबती मिळाला तर त्याला दूर ढकलण्यांत शहाणपण नाहीं. परंतु उजव्या पानावर तो परिच्छेद उतरवून आणणारीं मुलें लगेच ओळखूं येतात, कारण पानावर 'मियव' नसतें. अशा एका मुलाला आम्हीं विचारिलें, "आज एकही गाठोडें आलें नाहीं, तर काय छापलें जाईल?" त्याच्या परिच्छेदांत ह्या प्रश्नाचें उत्तर नव्हतें, म्हणून त्याच्यापाशींही नव्हतें. चिखलीकडील मुलानें मागच्या बाकावरून उत्तर दिलें, "शून्य. पाटी कोरीच राह्यली नं." मग पुढचा प्रश्न, सरासरी काढावयाची असेल तर? पुन्हा थोडी शांतता, आणि त्याच बाकावरून, "मंग अडते. शून्यानं भागता येत नाही." आणि तसेंच होतें, यंत्र मध्येंच थांबतें, चारदोन ओळींची तक्रार लिहितें आणि तिच्या अगदीं शेवटच्या ओळींत शून्यानें भागल्याचें कारण देतें. ज्या स्पष्टीकरणाच्या आधारें न विचारलेल्या प्रश्नाचेंही उत्तर देतां येतें तेंच आपलें स्वतःचें झालें, असें समजून आम्ही गुण देतों. तें कोणीं सांगितलें, मनुष्यानें कीं यंत्रानें, ह्याची चौकशी त्यानंतर फारशी करावी लागत नाहीं.

येथें एका जुन्या लेखाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. आमच्या जिल्ह्याला लागून जळगांव जिल्हा आहे. त्यांत चाळीसगांवाजवळ पाटण म्हणून स्थान आहे. तेथें शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमाराचा, एक शिलालेख सांपडला. 'लीलावती'कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, त्याची ही नोंद. 'लीलावती' ११५० सालच्या सुमाराची. तींतील गणिताच्या रीती श्लोकबद्ध आहेत. प्रथम हें कर, मग तें कर, अशा त्या आज्ञावल्याच म्हणावयाच्या. म्हणूनच गणेश दैवज्ञासारख्या टीकाकारांस १५४५ सालीं तिच्यावर 'बुद्धिविलासिनी' लिहावी लागली. पण आम्हांस सांगावयाचें आहे तें शिलालेखाच्या भाषेविषयीं. वंशाचें वर्णन, आचार्यांची स्तुति, राजांचीं नांवें, हें सारें संस्कृतांत आहे. आणि शेवटीं, गांवांत विकल्या जाणाऱ्या मालावर मठाला काय व किती द्यावयाचें हा भाग आला, कीं लेख मराठींत उतरतो. कोरणारांच्या मनांत काय होतें तें आपणांस ठाऊक नाहीं. परंतु ज्यांस तें देणें द्यावयाचें होतें ते वाणी-उदमी मराठी बोलणारे होते, एवढें खरें. स्तुति कळली नाहीं तरी चालतें. मापाचा हिशेब ज्याच्या गांठीला लागतो त्याला कळला पाहिजे.

ह्या गोष्टीचा प्रत्यय गेल्या हंगामांत आमच्या वर्गांतही आला. पाटी खोटी म्हणणाऱ्या त्याच मुलीनें दिवाळीच्या सुटींत घरच्या कापसासाठीं तीच आज्ञावली वाढवून लिहिली. वजनांची यादी वडिलांच्या वहींतून घेतली, भाव घातला, एकूण रक्कम काढली. यंत्र निर्वेध चाललें. वर्गांतील दोघातिघांनीं ती तपासून 'बरोबर' असा शेराही मारिला, आणि ती बरोबर होतीही. सांगितलें तेवढें सर्व ती करीत होती. मग एके रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें उजवें पान वडिलांस वाचून दाखविलें. त्यांनीं संगणकाला कधीं हात लावलेला नाहीं. मात्र कापूस विकण्यांत त्यांचा जन्म गेला आहे. 'एक एक गाठोडें आलें कीं त्याचें वजन बेरजेंत मिळव,' येथपर्यंत ऐकून त्यांनीं हात वर केला आणि विचारिलें, "अन् बारदान?"

गोणपाटाचें वजन कापसाच्या भावानें कोणी घेत नाहीं. मालाच्या वजनांतून बारदान वजा होतें. बाजार पाहिलेल्या प्रत्येकास हें ठाऊक आहे, म्हणूनच तें कोणी बोलून दाखवीत नाहीं, आणि म्हणूनच तें आज्ञावलींत आलें नव्हतें. डावें पान त्या गृहस्थांपुढें वर्षभर उघडें ठेवलें असतें तरी ही उणीव त्यांस दिसली नसती. आणि ज्यांस डावें पान वाचतां येत होतें त्यांस बारदानाचें स्मरण झालें नाहीं. दोन प्रकारचें ज्ञान एका घरांत होतें, त्यांची गांठ उजव्या पानावर पडली. पालकांनीं आम्हांस विचारावयाचा प्रश्न खरें तर इंग्रजीचा नसून हाच आहे, कीं आमच्या मुलानें लिहिलेलें आम्हांस वाचून दाखवितां येईल काय?

सुटीनंतरच्या शनिवारीं मुलगी नवी आज्ञावली घेऊन आली. वरती 'बारदान = १' अशी एक ओळ वाढली होती, आणि फेरींतली ओळ आतां अशी झाली होती: 'बेरीज = बेरीज + वजन - बारदान'. आमच्या त्या तीन गाठोड्यांवर चालवून पाहिली तेव्हां ११६ च्या जागीं ११३ आले. ओळीच्या डोक्यावर तिनें जाळीसारखें दिसणारें हॅशचें चिन्ह घालून मराठींत लिहिलें होतें: 'प्रत्येक गाठोड्यामागें गोणपाटाचें एक किलो सोडून द्यावें.' त्या चिन्हापुढें लिहिलेलें यंत्र वाचीत नाहीं, वगळून पुढें जातें. तें लिहावयाचें तें माणसांसाठीं. बारदान फेरीबाहेर एकदांच वजा केलें असतें तर काय झालें असतें, असें आम्हीं विचारिलें. "दोन किलोचे पैसे फुकटचे मिळाले असते," ती म्हणाली, "पण बाबा घेऊं देणार नाहींत."

वडिलांनीं आणखीही एक प्रश्न पाठविला होता. कापूस ओला निघाला तर काय? ह्यावर वर्गांत बराच वाद झाला. एक पक्ष म्हणाला, बारदानाप्रमाणें ओलाव्याचेंही वजन प्रत्येक फेरींत वजा करावें. मुलीचें म्हणणें असें कीं, ओलावा जास्त निघाला तर व्यापारी भाव कमी करतो, वजन कमी करीत नाहीं. तेव्हां ती ओळ फेरीच्या आंत नव्हे, रक्कम काढतांना, आणि 'जर' घालून आली पाहिजे. चिखलीकडील मुलाला दोन्ही पटेनात. त्याच्या मतें आधीं बाजारांत जाऊन विचारून यावें, मग पाटी कोरी करावी. त्या ओळीची जागा अद्याप मोकळी आहे. पुढील शनिवारीं तो मापाऱ्याला विचारून येणार आहे.